येणाऱ्या पिक्चरमधलं गाणं

प्रिय दादा,

काल मी पिक्चरवाल्यांना गाणं द्यायला नाही म्हटलं. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगितलेलं बरं, म्हणून शाळेचे पेपर बाजूला सारून लिहायला बसले. आधी पत्र पूर्ण वाच, मग पेटी आपटायची तर आपट.

कुठलं गाणं म्हणून काय विचारतोस? तेच! 'उंबऱ्याशी ऊन आलं, तू कुठं अडकलास'. तूच लिहिलेलं, तूच चाल लावलेलं, आणि आयुष्यभर दुसऱ्याच्या नावावर खपवलेलं.

आठवतं ना? औसा, निलंगा, उदगीर, सगळीकडे तुझा ऑर्केस्ट्रा. गणपतीत तर जेवायला फुरसत नसायची. लोकांना हवी असायची सिनेमाची गाणी, आणि तीही हुबेहूब. अनोळखी गाणं सुरू झालं की मंडळी उठून पान खायला जायची. मग तू शक्कल काढलीस. माईकवर बेधडक सांगायचास, "आता सादर आहे, येणाऱ्या पिक्चरमधलं गाणं!" आणि सुरू करायचास तुझं स्वतःचं. काय शिट्ट्या पडायच्या! दुसऱ्या दिवशी लोक थेटरवाल्याचं डोकं खायचे, तो पिक्चर कधी लागतो म्हणून. मी कोरसला उभी, हसू दाबून दाबून पोट दुखायचं.

पण एक विचारू? तुला कधी वाईट नाही वाटलं? मला वाटायचं. टाळ्या तू मिळवायच्या आणि मान कुठल्या तरी न निघालेल्या पिक्चरला!

एकदाच तू खरं बोललास. भूकंपाच्या साली. आपले सगळे कार्यक्रम रद्द झाले होते, गाण्याचं नाव काढायची कुणाला इच्छा नव्हती. मग पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या लोकांसाठी तिथल्या एका गुरुजींनी बोलावलं, पोरांचं जरा मन रमवा म्हणाले. पोरांची गाणी झाली आणि सवयीनं तू हे गाणं धरलंस. पहिली ओळ म्हटलीस आणि थबकलास. समोर बसलेल्यांपैकी एकाच्याही घराला उंबरा उरला नव्हता. तुझ्या ते ध्यानातच आलं नव्हतं! पेटीवर बोटं तशीच राहिली. मला वाटलं, आता आपल्याला इथून हाकलतात.

पुढं बसलेली एक म्हातारी म्हणाली, "थांबलास का रं बाबा? कंच्या पिच्चरचं हाय?"

"कंच्याच न्हाई, मावशी. माजंच हाय."

"मंग म्हन की सगळं."

तू सगळं म्हटलंस. कुणी टाळी वाजवली नाही, पण कुणी उठलंही नाही. मला वाटलं, चला, आता हा खोटं बोलायचा थांबला. आणि पुढच्याच कार्यक्रमात पुन्हा 'येणाऱ्या पिक्चरमधलं'! का रे असं केलंस? तेव्हा मी विचारलं नाही, आणि आता तू उत्तर देत नाहीस.

कॅसेट निघाल्याशिवाय माणूस गायक होत नाही, असं तुझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्यासाठी मुंबईला जाऊन आलास. कंपनीतल्या माणसानं गाणं पुरतं ऐकलंही नाही. नावाजलेला गायक आणा, मग बघू, म्हणाला. तेव्हा दुसरा रस्ताच नव्हता. थोडा थांबला असतास, दादा! छातीत दुखतंय म्हणून वेळेवर सांगितलं असतंस तर आज माझ्या शेजारी बसून गायला असतास.

आपली तालमीची खोली अजून आहे. पण त्या गल्लीत आता खाली-वर सगळे क्लासेस. डॉक्टर व्हायला आलेल्या पोरापोरींची एक बॅच सुटते न सुटते तोच दुसरी आत शिरते. मधे गलका थांबला की मी खिडक्यांना गोधड्या लावते, मोबाईल उभा करते, गाते आणि ते नेटवर टाकते. ऐकतं कोण? पुण्यातले, हैदराबादचे, दुबईत गेलेले आपल्याकडचे लोक. कुणाची परवानगी नाही, कुणाच्या ऑफिसबाहेर ताटकळणं नाही.

सुरुवातीला मीही तुझ्याच वळणावर गेले. सिनेमाची गाणी टाकली, हुबेहूब. ती पटापट उडवली गेली. गाणं तुमचं नाही, मालक दुसरा आहे, असा निरोप. चांगली फणफणले. मग म्हटलं, बरंच झालं की! आपल्या घरात एक आहे, ज्याचे मालक आपणच. तुझं गाणं टाकलं आणि खाली तुझं पूर्ण नाव लिहिलं, गीत आणि संगीत, दोन्हीला.

तर औशाच्या एका गृहस्थांनी काय लिहावं? "ताई, हे गाणं चोरलेलं आहे. मी लहानपणी ऑर्केस्ट्रात ऐकलंय. येणाऱ्या पिक्चरचं होतं." दादा, मी एकटीच खो खो हसले आणि मग मला रडू आवरेना. तुझी थाप तुझ्यापेक्षा जास्त जगली! त्यांना सगळं खरं लिहून कळवलं. त्यांचं उत्तर आलं, "म्हंजे तो पिच्चर निघालाच न्हाई व्हय? आमी लई वाट बघितली."

सगळंच गोड आहे असं नाही. लोक जरा कंटाळले की बोटानं पुढे सरकतात, म्हणून सुरुवातीचा तुझा तो लांबलचक पेटीचा तुकडा मी छाटला. रागावलास? रागव. पूर्ण गाणंही वेगळं टाकलंय, ज्याला सवड आहे तो ऐकतो. यातून मिळणाऱ्या पैशावर शाळेची नोकरी सोडता यायची नाही. पण ऐकणारा थेट माझ्याशी बोलतो, याचं मला फार अप्रूप आहे.

हे ऐकूनच पिक्चरवाल्यांचा फोन आला. गाणं हवंय, सगळे हक्क त्यांचे, आणि पडद्यावर लिहिणार 'पारंपरिक लोकगीत'. मी म्हटलं, "पारंपरिक कसं? माझ्या भावाचं आहे ते." तर म्हणतो, "मॅडम, त्यांना कोण ओळखतं?" वहिनीला विचारलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "त्यांचं नाव न्हाई तर गानं बी न्हाई. पिच्चर राहू दे तिकडंच." मग मी फोन लावला आणि नाही म्हणून सांगितलं. तुला हळहळ वाटणार, माहीत आहे. जन्मभर ज्याची थाप मारलीस तो पिक्चर खरोखर दारात आला आणि बहिणीनं परत पाठवला. पण त्यात तू नव्हतास रे! तुझ्याशिवाय मी तुझं गाणं कसं देऊ?

आता शेवटचं. इस्लापूरची एक मुलगी इथं क्लासला होती. तिनं हॉस्टेलच्या गच्चीवर हे गाणं म्हणून टाकलंय. आधी तुझं नाव घेते, मग गाते. अंतऱ्याची चाल मात्र साफ चुकवते! दुरुस्त करावं म्हणून मी फोन हातात घेतला आणि पुन्हा ठेवून दिला. तुला शब्द देते दादा, तुझं नाव गाळणाऱ्याशी मी भांडेन, मग तो कितीही मोठा असो. पण नाव घेऊन गाणाऱ्या कुणाचंही गाणं मी उडवायला लावणार नाही, चाल चुकली तरी. जन्मभर तू दुसऱ्यांची नक्कल केलीस. आता लोक तुझी करू लागलेत.

तुझी,
छबू