मागितलं की नाव गेलं

दि. ४ जानेवारी

प्रिय भावोजी यांस,
वहिनीचे अनेक आशीर्वाद.

त्या सकाळी मी उशांचे अभ्रे भिजत घातले होते, एका शेगडीवर दूध, दुसरीवर अंघोळीचं पाणी, आणि तुमचे दादा स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपल्या रग्बी क्लबला आलेली पाकिटं मांडून बसले होते. मला म्हणाले, या माणसाचं अक्षर लागत नाही, जरा वाचून दाखव. मला तेव्हा अक्षराला अक्षर जोडून जेमतेम वाचता यायचं, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी बोट ठेवून वाचत गेले. सामन्याचं बोलावणं आलं म्हणून त्या खेळाडूने आपल्या आईला अंगणात गरगर फिरवलं होतं. त्याची आई थांबेपर्यंत इकडे दूध उतू गेलं. अशी उत्तरं वाचत मी वाचायला शिकले. पुस्तकं फार नंतर आली.

आज हे आठवलं, कारण समितीने दादांचं काम रीतसर माझ्या नावावर केलं. ते गेल्यापासून दोन वर्षं पाकिटं मीच टाकत होते, आता कागदोपत्री चिटणीस झाले. खजिनदारांना ते पद हवं होतं म्हणे. पण आपल्या क्लबात हवं असलेलं बोलून दाखवता येत नाही, त्यामुळे बिचारे बैठकभर नुसते खोकले.

तुमची लेक भिंगरी आता रग्बी खेळते, म्हणून तिला नीट सांगून ठेवा. आपल्याला मैदान नाही, कचेरी नाही, कायमचा संघ नाही. वर्षाला एक सामना, आणि खेळाडू पत्राने बोलावलेले. जर्सी क्लबची तपकिरी, पण मोजे ज्याचे त्याच्या घरच्या क्लबचे. रांगेत उभे राहिले की कमरेच्या वर एक संघ आणि गुडघ्याखाली पंधरा. पेनल्टी मिळाली तरी गोल मारायचा नाही, चेंडू घेऊन पळायचं. एक खेळाडू असा घ्यायचा, ज्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही. आणि सगळ्यात जुनी रीत तुम्हाला मी काय सांगायची? बोलावणं मागायचं नाही. स्वतः नाही, आईबापांनीही नाही. मागितलं की नाव गेलं, कायमचं.

यंदा पहिल्यांदाच मुलींचा संघ आहे. हे आपलं सहज कळवलं.

तब्येत सांभाळा, लिफ्टच्या दुरुस्तीला खड्ड्यात उतरताना खालचा स्विच बंद करत जा, आणि लोभ ठेवा.

तुमची वहिनी

दि. १९ जानेवारी

ती. वहिनींना
सा. न. वि. वि.

तुम्ही चिटणीस झाल्याचं वाचून घरात सगळ्यांना आनंद झाला. मी काहीही मागत नाही, हे आधीच लिहून ठेवतो.

इकडे सगळं ठीक. जुन्या इस्पितळाची लिफ्ट तीन दिवस दोन मजल्यांच्या मध्येच अडकायची. दोर बदलला, आता चालते. हवा थंड, सकाळी धुकं. त्या धुक्यात भिंगरी रोज दोन तास चेंडू भिंतीवर फेकून झेलते. भिंतीचा गिलावा पडला, घरमालक रागावले. ही फक्त गिलाव्याची बातमी आहे.

दुसरी बातमी अशी की परवा तिच्या क्लबाच्या सामन्यात समोर एक दुप्पट आकाराची मुलगी उभी होती. आमची ही स्क्रममधून, म्हणजे त्या डोकी अडकवून चाललेल्या ढकलाढकलीतून, चेंडू उचलून त्या मुलीच्या काखेखालून निघून गेली. ती अजून काखेत शोधतेय. ही त्या मुलीची बातमी आहे.

बाकी काही नाही. खरंच काही नाही.

तुमचा लोभ आहेच, तो वाढवा असंही मी म्हणत नाही, मागितल्यासारखं व्हायचं.

आपला
धाकटा दीर

दि. २ फेब्रुवारी

प्रिय भावोजी यांस,
अनेक आशीर्वाद.

गिलावा आणि काख, दोन्ही पोचले. आता आणखी एक बातमी आली तर ती मागणी धरली जाईल. हवेवर लिहायचं असेल तर धुक्यापाशी थांबत जा, धुक्यात कोण काय करतं ते मला नको. तुमच्या दादांना तुम्ही एकदा तोंडावर विचारलंत आणि काय झालं, ते तुम्हीच जन्मभर ऐकवत आलात.

मी बरी आहे. शाळेच्या गणवेशांचं शिवण संपलं. संध्याकाळी वाचत बसते. एखादा शब्द अडला की अजून शेजारच्या खुर्चीकडे बघते, मग पुढे वाचते.

लोभ आहे तेवढाच राहू दे, बातम्या कमी करा.

वहिनी

दि. १३ फेब्रुवारी

ती. वहिनींना
सा. न. वि. वि.

गप्प राहवत नाही. पोरगी रोज खाली जाऊन टपालाची पेटी उघडते. मला कळू नये म्हणून चपला हातात घेऊन जाते. आमच्या जिन्याची तिसरी पायरी वाजते, हे एकोणीस वर्षं इथे राहून तिला माहीत नाही का? आनंदात भान राहत नाही, तसंच वाट बघतानाही.

बावीस वर्षांपूर्वी मी दादाला विचारलं, माझं नाव घालतोस का? तो म्हणाला, आता नाही. मला कळलं ते कळलं. मी तेवढा चांगला नव्हतो, आणि भावाला ते सांगवेना, म्हणून त्याने रीत पुढे केली. त्यानंतर मी त्याच्याशी कधी मोकळा बोललो नाही. पण भिंगरी चांगली आहे, वहिनी. माझ्यासारखी नाही.

मागतो. स्पष्ट मागतो. तिला बोलवा. शिक्षा करायची तर मला करा, तिला यातलं काही ठाऊक नाही. पत्र टाकल्याबरोबर पस्तावणार आहे, म्हणून आत्ताच पळत जाऊन टाकतो.

रागावलात तरी लोभ सोडू नका.

तुमचा
दीर

दि. २० फेब्रुवारी

प्रिय भावोजी यांस,
अनेक आशीर्वाद.

तुमचं तेरा तारखेचं पाकीट मिळालं. उघडलेलं नाही. तिकीट उलटं आहे आणि पत्त्याचं अक्षर पळत सुटलेलं, त्यावरून लिफ्टची काहीतरी मोठी बातमी असावी. पाकीट पितळेच्या डब्याखाली ठेवलं आहे. सामना झाल्यावर सवडीने वाचीन. न वाचलेल्या पत्रात कुणी काही मागितलं तर चिटणिसाने काय करावं, हे क्लबच्या कुठल्याही रीतीत नाही. मी दोनदा शोधलं.

भिंगरीच्या नावाने वेगळं पाकीट येईल. तुम्ही फोडू नका, आणि पेटीपाशी तिच्या आधी जाऊ नका.

लोभ आहे, तो दाखवायला तोंड बंद ठेवा.

वहिनी

दि. २४ मार्च

प्रिय भावोजी यांस,
अनेक आशीर्वाद.

सामना संपल्यावर तुम्ही भेटलाच नाहीत. कुंपणाला लागून टोपी चावत उभे होतात, ते मी पाहिलं होतं. गाडीची वेळ झाली असं भिंगरीने सांगितलं. तिला खोटं बोलता येत नाही, ते तुमच्यावर गेलं आहे.

तिच्या हिरव्या मोज्याला टाचेशी भोक होतं. मी सुई घेऊन बसले तर म्हणाली, राहू दे काकू, भोक नशिबाचं आहे. शेवटी आपण दोन गुणांनी मागे होतो आणि पेनल्टी मिळाली. गोल मारला असता तर तीन गुण मिळून जिंकलो असतो. सगळे ओरडत होते, त्यांत तुमचा आवाज सगळ्यांत वर होता, लाज नाही तुम्हाला. ती चेंडू घेऊन पळाली. तिघींनी मिळून पाडली, पडता पडता तिने चेंडू मागे दिला, आणि जिला दिला तिच्या हातून तो सुटला. हरलो. तुमच्या दादांना इतका आवडला असता हा सामना की घरी येईपर्यंत त्यांनी मला तो चारदा सांगितला असता, आणि मी शेजारीच बसलेली असते.

आता खरं लिहिते. तुमचं पत्र मी आलं त्याच दिवशी किटलीच्या वाफेवर उघडलं, वाचलं आणि पुन्हा चिकटवलं. घरात बघायला कुणी नसताना! भिंगरीचं नाव तेव्हा यादीत होतं, पेन्सिलीने. दादा तसंच करायचे, आठवडाभर पेन्सिल, मग शाई. रीतीप्रमाणे ते मला खोडायला हवं होतं. मी रबर हातात घेऊन बसले.

बावीस वर्षांपूर्वी त्याच टेबलाशी ते असेच बसले होते. भावोजी, तुम्ही विचारलंत तेव्हा तुमचं नाव यादीत होतं. नववं. चार दिवस गप्प राहिला असता तर पाकीट आलं असतं. त्यांनी ते इतकं खोडलं की कागदाला भोक पडलं, आणि मला बजावलं की त्याला कधी कळू द्यायचं नाही. माझ्यावर रागावला तर जगेल, म्हणाले, स्वतःवर रागावला तर कुढत बसेल. हे मी त्यांच्या शब्दाखातर आजवर दाबून ठेवलं. ते बरोबर होते की नाही, मला अजून ठरवता येत नाही. पण तुम्ही चांगले नव्हतात असं मानून तुम्ही म्हातारे व्हावं, हे मला पटत नाही. तुम्ही चांगले होतात. तोंडाचे तेवढे कच्चे होतात.

भिंगरीचं नाव मी शाईने लिहिलं. मागितलं होतं, मला माहीत होतं, तरी लिहिलं.

आता माझ्यावर हवं तेवढं रागवा, आणि राग संपला की जेवायला या. लोभ मी गृहीत धरते.

वहिनी

ता. क. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी समितीला पत्र लिहून रीत मोडल्याचं कळवलं, आणि ते स्वतः जाऊन टपालात टाकलं.