इंजिन चालू ठेवून

पॉन्से

एफ्राइन,
देव तुला आशीर्वाद देवो, माझा मागू नकोस.

तुझी लेक यारिमार ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुरुस्तीच्या परीक्षेचा अभ्यास करते म्हणे. काल तुझी जुनी गाडी अंगणात उभ्या जागी घुरघुरत होती. आत कुणी पोरगा असणार म्हणून मी झाडू घेऊन गेले. ती एकटीच होती, हात लाल तेलाने माखलेले.

"आजी, गिअरचं तेल इंजिन चालू ठेवूनच बघतात."

"आणि पास झालीस की कुठे जाणार?"

ती तेल मोजायची पट्टी पुसत राहिली. ऑर्लँडोला जाण्याआधी तूही असाच काहीतरी पुसत होतास.

हे पत्र टाकणार नाही. वाचलंस तर तिला तिकडे बोलावून घेशील.

ती पास व्हावी म्हणून चर्चमध्ये मेणबत्ती लावली, पण अर्धी जळल्यावर विझवून आणली. उरलेली लावीन, यारिमार इथेच राहिली तर.

तुझी आई,
मिलाग्रोस