आईचा ओव्हन आणि तुझा लाल ठिपका

कुचिंग,
रमजानचा अठरावा रोजा

ती. कमारियाताईस,

धाकट्या सेनियाचा सलाम. तुझे गुडघे आता बरे असतील, मिरी गावची हवा मानवत असेल, आणि रोजा सोडायच्या वेळी सूनबाई तुझ्यापुढे गरम सूप ठेवत असेल अशी आशा करते. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. (हे वाक्य पत्रात लिहायचं असतं म्हणून लिहिलं. खुशाल कोणीही नाही. ह्यांचं पोट बिघडलंय, माझ्या उजव्या मनगटावर भाजल्याचे तीन चट्टे आहेत, आणि शेजारची जोंगबाई माझ्याकडे बघून हल्ली मान हलवते.) फोन केला असता, पण फोनवर तू दोन वाक्यं ऐकून "बरं, ठेवते" म्हणतेस. पत्र ठेवून देता येत नाही. म्हणजे येतं, पण ते परत उचलून वाचल्याशिवाय तुला राहवणार नाही, तुला मी ओळखते.

तर सरळ विचारते. आईच्या थरांच्या केकची जी कृती तू पाकिटात घालून पाठवलीस, ती तू मुद्दाम चुकीची लिहिलीस का?

रागावू नकोस. किंवा रागाव, मी तर बारा दिवस रागावलेलीच आहे. आई गेल्यावर चाळिसाव्या दिवशी आपण दोघी तिच्या स्वयंपाकघरात उभ्या होतो ते आठव. भांडी, चादरी, कर्णफुलं यांवरून एक शब्द झाला नाही. भांडण झालं ते दोन वस्तूंवरून, आईची कृतींची वही आणि तिचा ओव्हन. तू म्हणालीस, दोन्ही माझ्याकडे राहू देत, आईजवळ मी होते. मी म्हटलं, धाकटी म्हणून मला काहीच नाही का? शेवटी तू वही उचललीस, मी ओव्हन उचलला, आणि तेव्हापासून आपण "बरं, ठेवते"वर आलो. मी तेव्हा असंही म्हटलं होतं की त्या वहीत आहे काय एवढं, मला सगळं तोंडपाठ आहे. (तोंडपाठ नव्हतं. आई करायची तेव्हा मी ताटलीला लागलेलं चाटायला हजर असायचे, एवढंच.)

आता ईदच्या दुसऱ्या दिवशी दरवर्षीसारखं घराचं दार सकाळपासून उघडं असेल. बाकीचे येतील-जातील, वड्या-बिस्किटं खातील, त्यांची मला फिकीर नाही. पण उसुआजी येणार आहे. शहाऐंशी वर्षांची आईची मावशी, नदीपलीकडून होडीत बसून, दोघांच्या खांद्यांवर हात ठेवून ती येते ती आई दर ईदेला माझ्याकडे पाठवायची त्या केकच्या एका तुकड्यासाठी. परवाच तिने निरोप धाडला, "तुझ्या आईचा केक ताटात असला तर मी म्हणेन ती घरात आहे. नसला तर मी बसणार नाही, उभ्याउभ्या सलाम करून जाईन." आता सांग, आईच्या मागे पहिल्याच ईदेला म्हातारी दारातून परत गेली तर मी तोंड कुठे लपवू?

म्हणून बारा दिवसांपूर्वी कंबर कसली. तशी तयारी माझी पक्की होती. ओव्हन इथे आणला त्याच दिवशी मी तो व्हिनेगर आणि तारेच्या घासणीने असा घासला होता की दारात तोंड दिसेल. (आईची तू एवढी सेवा केलीस, मान्य, पण ओव्हन मेणचट होता ताई. बटणांवर तर मिरचीच्या वाटणाचे जुने डागसुद्धा होते.) मग तुझा कागद उघडला. लोणी, साखर, अंड्यांचे तीस बलक, माल्टची पूड, सगळं ठीक. आणि पुढे तुझ्या त्या टुमदार अक्षरात काय, तर "पहिला थर वर-खाली आच ठेवून. नंतर फक्त वरची आच, बटण लाल ठिपक्यावर, प्रत्येक थर चार मिनिटं." लाल ठिपका! कसला लाल ठिपका? ओव्हनला आकडे असतात ताई, ठिपके नसतात. मी ओव्हनला पुढून, मागून, भिंतीपासून ओढून, चष्मा लावून, चष्मा काढून पाहिलं. ठिपका काय, माशी बसलेली नाही. तेव्हाच माझ्या डोक्यात तिडीक गेली की ही बया माझी चेष्टा करते आहे.

तरी म्हटलं, एकशे ऐंशीवर ठेवू, सगळं जग एकशे ऐंशीवर ठेवतं. पहिला थर ओतला, भाजला, दाबणीने दाबला. दुसरा ओतला, चार मिनिटांनी दार उघडते तर कोळसा. तिसऱ्याला दोन मिनिटं दिली, तर वरून काळा आणि आत वाहतोय. नवव्या थराला ओव्हन आणि खोली गार करायचं यंत्र मिळून घरातली वीज गेली, आणि आमचे हे अंधारातून म्हणतात, "झाला का गं?" मी काय बोलले ते रमजानात लिहिण्यासारखं नाही.

त्यात रोज्याचे दिवस, चाखायचं कुणी? मी नाही, हे नाहीत. आख्ख्या आळीत दिवसा तोंड हलवू शकणारी एकच, ती जोंगबाई. तुकडा कुंपणावरून दिला. तिने डोळे मिटून चावला, चावला, चावतच राहिली, आणि म्हणाली, "सेनिया, बाई, राग मानू नकोस. तुझी आई पाठवायची तो केक होता. हे वेगळं काहीतरी आहे." त्या दिवसापासून ती आमच्या घरची न्यायाधीश झाली आहे. रोज सकाळी कुंपणाशी येऊन विचारते, "आज काय आहे?" आणि मग अक्कल शिकवते. ओव्हन वीस मिनिटं आधी तापव. दर थराला दार उघडतेस, आच पळून जाते, ती परत येईपर्यंत थांब. काळं भांडं घेऊ नकोस, उजळ घे. ताट मधल्या फळीवर. सगळं केलं! तिच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. दुसरा केक झाला तो असा घट्ट की सुरी अडकली. तिसरा मधोमध खचला. (तो ह्यांनी इफ्तारला तीन दिवस खाल्ला, पोटाचं वर लिहिलंच आहे.)

मग जोंगबाईने तिचा तापमापक आणून आत ठेवला. बटण एकशे ऐंशीवर, आणि आत दोनशे पस्तीस! थोड्या वेळाने बघते तर दोनशे. परत बघते तर दोनशे चाळीस. ताई, हा ओव्हन धडधडीत खोटं बोलतो. बटण फिरवून मी एकशे चाळीसवर आणलं, तर थर बसले पांढरेफटक, उकडलेल्या पिठासारखे, एकावर एक चिकटून. म्हणजे खरी आच कुठेतरी या दोहोंच्या मध्ये आहे, केसभर जागेत, आणि ती जागा आईला ठाऊक होती, आणि आईने वहीत लिहिली, आणि वही तुझ्याकडे, आणि तू मला ठिपके पाठवतेस! चौथा केक मी जोंगबाईच्या कोंबड्यांना घातला. कोंबड्या निघून गेल्या.

तुझं तरी काय चाललंय ते मला कळत नाही असं समजू नकोस. तुझ्या सुनेने मला कळवलंय की तुझ्या नव्या, काचेच्या, आपोआप बंद होणाऱ्या ओव्हनमधूनही वही समोर उघडी ठेवून दगडच निघतायत. वाचून मला फार बरं वाटलं. मग रात्रभर वाईट वाटलं. म्हणजे कुठल्याच घरी आता आईचा केक होत नाही, असंच ना?

तर ताई, मोठेपणा दाखव, खरा आकडा लिही, आणि परतीच्या टपालाने धाड. अकरा दिवस उरलेत. नाही धाडलास तर उसुआजीला मी स्वतः सांगेन की कमारियाने आईला वहीत कोंडून ठेवलंय.

मुलांना प्रेम. मोठ्यांना सलाम. तुला काय द्यायचं ते उत्तर आल्यावर ठरवीन.

तुझी (अजून तरी)
सेनिया

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी ह्यांना वाचून दाखवलं, शुद्धलेखनासाठी. हे म्हणतात, "लाल ठिपका? तो तू घासून काढलास ना? तो मिरचीचा डाग नव्हता गं. आईंना बटणावरचे आकडे दिसेनासे झाले तेव्हा तुझ्या ताईने नखांचा रंग लावला होता, आईंना दिसावा म्हणून. मी समोर होतो." मी विचारलं, मग बारा दिवस तोंड शिवलं होतं का तुमचं? तर म्हणतात, "तू बोलू कधी दिलंस?" वरचं सगळं पत्र फाडून नवीन लिहिणार होते, पण अकरा पानं झाली आहेत आणि राग निम्मा तरी खरा आहे. तू ठिपक्याबद्दल मला कधीच का सांगितलं नाहीस? आईला दिसत नव्हतं हेही मला कुणी सांगितलं नाही. मी वर्षातून दोनदा यायचे, तिने वाढलेलं खायचे आणि निघायचे. तू रोज होतीस.

ता. क. २. कोळसा झालेला पहिला केक मी अजून टाकलेला नाही. का ते विचारू नकोस.

ता. क. ३. ठिपका नेमका कुठे होता ते टपालाने कळवू नकोस. फोनवरही सांगू नकोस, मी ऐकणार नाही. वही घे, नखांच्या रंगाची बाटली घे, गुडघ्यांना पट्टा बांध आणि ये. बटणाला मी हात लावणार नाही. ठिपका तूच लाव.