मोटरीच्या वाट्याची लाईट

नाना, आज मुद्दाम घरातले सगळे दिवे लावून बसले आहे. स्वयंपाकघरातला, बाल्कनीतला, न्हाणीघरातलासुद्धा. या आता घालवायला.

मळ्यातल्या घरी तुम्ही बाहेरून यायचात ते थेट माझ्या बटणाकडे. पायाला वांग्याच्या वाफ्यातला चिखल तसाच. मी पुस्तक घेऊन बसलेली, आणि खट्‌. "मोटरीला लाईट पुरत नाय अन् तू इथं जाळीत बस. लय हौस आसंल तर सासरी जाऊन जाळ." मला खरंच वाटायचं, माझ्या बल्बमुळे विहिरीवरची मोटर दमते आणि पाणी शेवटच्या सरीपर्यंत पोचत नाही. मग एका संध्याकाळी दिसलं, भिंतीपलीकडे दादाचा बल्ब चालूच आहे आणि तो पेपरातले क्रिकेटवाल्यांचे फोटो कापत बसलाय. त्याच्या उजेडानं मोटर दमत नव्हती. मी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "त्याचं येगळं हाय." काय वेगळं होतं, नाना? मला अजून राग येतो. बचत सगळ्या घराची म्हणायची आणि अंधारात मी एकटीनं बसायचं.

सासरी गेले, तर पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "माहेरी मीटर नव्हता वाटतं?" म्हणजे जाळायची सोय तिथंही नव्हती. तेव्हाच ठरवलं, माझ्या घरात असलं बोलणं कुणाला ऐकावं लागणार नाही. शहरातल्या या फ्लॅटमध्ये मी ते पाळलंय. लेक पुस्तक छातीवर ठेवून झोपली तरी तिला कधी दिवा घालव म्हटलं नाही.

आणि काल तीच रिकाम्या खोलीतला पंखा बंद करून आली. मी लगेच विचारलं, "तुला कोणी बोललं का गं?"

"कोणी कशाला बोलायला हवं, आई? आत कोणी नव्हतं ना."

ऐकलंत ना, नाना? तिला कुणी अंधारात बसवलं नव्हतं, म्हणून तिचा हात सहज बटणाकडे गेला. माझा अजूनही जात नाही, आणि मी तो नेणारही नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीये, म्हणून एक सांगते. दादानं तुमच्या फोटोला छोटा लाल बल्ब बसवून दिलाय, कायम चालू ठेव म्हणून. दिवेलागणीला हात जोडून झाले की तेवढा मी घालवते. त्याला बिघडलाय म्हणून सांगते. फुकट जळताना तुम्हाला बघवला नसता.