लाल पट्टीतली तीन मिनिटं

मिऱ्या, रत्नागिरी
१४ नोव्हेंबर २०२५

चि. हर्षद यास,

अनेक आशीर्वाद. हे पत्र तुझ्याआधी आपली वकिलात, तिथलं परराष्ट्र खातं आणि तुझा तुरुंग असे तिघे वाचणार. त्यांनाही नमस्कार. मराठी जाणणारा माणूस शोधण्यात त्यांचे महिने जातील, म्हणून दिवाळी कशी झाली हे विचारत नाही.

इकडे सर्व ठीक. आईचे गुडघे जागेवर आहेत, म्हणजे तीच जागेवरून उठत नाही. पेपरातलं माझं विनोदी सदर चालू आहे. लोक हसतात म्हणे. कशाला, ते मला हल्ली कळत नाही.

बोटीवरचे बाकीचे सगळे घरी पोचले. राजापूरचा तुझा ओमकार पेढे घेऊन आला होता. उंबऱ्यात आमची तोंडं बघून पुडा तसाच परत घेऊन गेला.

तुझं काय अडलंय ते वकिलातीतल्या बाईंनी फोनवर समजावलं. बोटीवर झेंडा एका बेटाचा, मालक दुसऱ्या देशातला, तेल तिसऱ्याचं, पकडणारे चौथे. चोरट्या तेलाचं प्रकरण दंड भरून मिटलं. उरलास तू. पकडणारे बोटीजवळ येत होते नि कप्तान कशालाही हात लावू नका म्हणत होता, तेव्हा तू संकटाचं लाल बटण दाबलंस. उपग्रहावरून परक्या आरमारांना खबर दिलीस, हा गुन्हा. शिक्षा नऊ वर्षं. बटणाला पोच मात्र लगेच आली होती, असं बाई म्हणाल्या. त्या बाबतीत यंत्रणा चोख आहे.

आईने एवढंच विचारलं, "हाक ऐकलानी ना सगळ्यांनी? मग गेला का नाय कोण?"

अप्पांकडे आम्ही कोणी बघितलं नाही.

उपग्रहांनी अप्पांची बोटीवरच्या रेडिओ ऑफिसरची नोकरी खाल्ली, तरी त्यांचा उपग्रहांवर राग नव्हता. "अमेरिका नि रशिया एकमेकांवर बॉम्ब रोखून बसलेले. तरी बुडत्या खलाशाची हाक दोघांच्या उपग्रहांनी ऐकायची, असा करार केला त्यांनी," हे जेवताना किती वेळा ऐकलं आपण. आणि भिंतीवरचं ते बोटीतलं घड्याळ. मिनिटकाटा तबकडीवरच्या लाल पट्टीत आला की समुद्रावरच्या सगळ्या बोटींनी बोलणं थांबवून कुणाची क्षीण हाक येते का ते ऐकायचं. उपग्रह आल्यावर जगाने ही रीत सोडली, अप्पांनी नाही. तासातून दोनदा तीन मिनिटं घर चिडीचूप. तुझ्या लग्नाच्या बोलणीत त्यांनी व्याह्यांना तोंडावर बोट ठेवून गप्प केलं, तेव्हा ते चपला शोधायला लागले होते.

हे सगळं लिहितोय, कारण पुढचं लिहायचं टाळतोय.

तू बोटीवरून फोन केलास तेव्हा मी शेजारीच होतो. अप्पा म्हणाले, "दाब. त्याच्यासाठीच ठेवलंय ते. कोणीतरी येतंच." जबाबात तू त्यांचं नाव घेतलं नाहीस. ते त्यांना ओमकारकडून कळलं.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, जुनं सर्टिफिकेट घेऊन ते पोलीस ठाण्यात गेले. मीही मागोमाग. "बटण दाब म्हणून सांगणारा मी आहे, त्याचा बाप. मला तिकडे पाठवा नि पोराला आणा." साहेबाने चहा मागवला. मग हळूच म्हणाला, "आजोबा, हे आमच्या हद्दीत येत नाही."

रिक्षात मी म्हटलं, "बोटीला झेंडा देणाऱ्या बेटवाल्यांचंही हेच म्हणणं आहे, अप्पा." एरवी माझ्या विनोदावर ते निदान चिडतात.

तेव्हापासून अप्पा दिवसभर गप्प असतात. काटा लाल पट्टीत शिरला की बोलायला लागतात. बांगड्याचा भाव, नळाचं पाणी, शेजारच्यांचा कुत्रा, काहीही. मोठमोठ्याने. काटा बाहेर पडला की परत गप्प.

मी घड्याळ उतरवायला गेलो तर आई म्हणाली, "ऱ्हांदे. तेवढा तरी बोलतायत."

काल मी त्यांच्यासमोर बसलो. ते कुत्र्याबद्दल बोलत होते. जन्मभर ज्या तीन मिनिटांची टिंगल केली, ती मी गप्प बसून काढली.

तुझी हाक आली होती, हर्षद. सगळ्यांना आली होती.

ऐकूनही घरीच बसलेला,
तुझा भाई