विरोध करणाऱ्याची जागा

बॉन, रविवार

प्रिय नागेश,

काल तुझं एक वाक्य मला इथे परक्याच्या तोंडून ऐकावं लागलं. तेव्हापासून चैन नाही.

विद्यापीठात जाहीर वाद होता. आदिवासी भागातल्या दवाखान्यांच्या कारभारात आदिवासींना निम्मा वाटा असावा का? मी बाजूने बोलले, हे तुला सांगायला नको. विरोधात वेदांग होता, फ्रँकफर्टच्या बँकेतला, मूळचा नाशिकचा. अहिल्या मडावी उभी राहिली की माइकला सुट्टी द्यावी, असा टोला त्याने सुरुवातीलाच मला मारला. मग म्हणाला, आजाराला जमात नसते, रांग एकच हवी.

मी म्हटलं, रांग एकच, पण खिडकीमागे बसलेल्याची भाषा कोणती? आमच्या दवाखान्यात नर्सला गोंडी येत नाही, बाळंतिणीच्या आईला खोलीबाहेर उभं करतात. म्हणून बाया घरीच बाळंत होतात आणि अडाणी ठरतात. इथे आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या सरकारी कचेरीत, व्हिसासाठी गेल्यावर जर्मन अडखळलं की हाच वेदांग चिडतो, इंग्रजी कळणारं कोणी ठेवा म्हणतो. तो सवलत मागत नसतो. मग आमचीच मागणी सवलत कशी? सभागृह हसलं, वेदांगही.

आणि मग तो शांतपणे म्हणाला, रक्तस्राव बैठक संपायची वाट बघत नाही.

अगदी हेच तू म्हणाला होतास, गेल्या साली, दवाखान्याच्या ओसरीवर. घरच्यांची चर्चा लांबली आणि वहिनीला बाळंतपणात तुझ्याकडे उशिरा आणलं. ती वाचली ती तुझ्यामुळे. तुझ्या बाह्या तेव्हा रक्ताने ओल्याच होत्या. नागपूरला कॉलेजच्या वादविवाद स्पर्धांत आपण कायम एका बाजूने बोललो. त्या दिवशी पहिल्यांदा समोरासमोर आलो आणि मी गप्प बसले.

काल मात्र मी गप्प बसले नाही. बैठका नव्हत्या तेव्हा मेलेल्यांचा हिशोब आधी द्या, असं गरजले. टाळ्या पडल्या, हात मोजले, आम्ही जिंकलो. मग सगळे बिअर प्यायला गेले आणि मी ऱ्हाइनच्या काठाने चालत सुटले. कारण ते उत्तर नव्हतंच, नुसता आवाज होता. खरं उत्तर चालता चालता सुचलं. जीव धोक्यात असेल तेव्हा शब्द डॉक्टरचाच, कोणालाही न विचारता. पण खोलीत कोणाला घ्यायचं, बोलायचं कोणत्या भाषेत, गाडी कोणत्या पाड्याजवळ उभी ठेवायची, हे ठरवायला गाव हवं. यातही भोक असेल. ते तुला दिसेल, मला दिसत नाही.

आज दादाचा फोन आला. दवाखान्याच्या समितीत गावाला वाटा हवा का, हे ठरवायला पुढच्या महिन्यात ग्रामसभा आहे. वहिनीला पुन्हा दिवस गेले आहेत. तिची आई खोलीत असेल आणि डॉक्टर तूच असशील, तरच दवाखान्यात येणार, असं ती म्हणते. आणि तू बदली मागितली आहेस. म्हणे, तुझ्या विरोधामुळे गावात फूट नको.

नागेश, इतकी वर्षं आमच्यात राहून तुला हे कळलं नाही? आमच्या सभेत हात मोजत नाहीत. विरोध करणाऱ्याला पुढे, म्हाताऱ्यांच्या शेजारी बसवतात. त्याचं सगळं ऐकून होतं आणि तो स्वतः ‘चालेल’ म्हणतो, तेव्हाच ठराव होतो. तो निघून गेला तर गाव जिंकत नाही, विषय लोंबकळत राहतो. तू विरोध केलास याचा तिथे कोणाला राग नाही. निघालास, याचा आहे.

माझ्या मार्गदर्शक प्रोफेसरबाई इथली मुदत वाढवून द्यायला तयार होत्या. मी त्यांना नको म्हणून कळवलं. प्रबंध गावात बसूनही लिहिता येईल. सभेच्या आधी पोचते आहे, राहायलाच. तेवढा बदलीचा अर्ज मागे घे. गावासाठी घे, वहिनीसाठी घे. आणि ही दोन्ही कारणं पुरी पडली नाहीत तर माझ्यासाठी घे. सभेत मला तू समोर हवा आहेस. सभा उठल्यावर शेजारी. हे सांगायला मला भाषण जमलं नाही, म्हणून पत्र.

भांडायला निघालेली, तुझीच
अहिल्या