नव्या कॅसेटी

दादा,

तू मुदखेडहून येशील तवा मी कचेरीत असेन. लातूर जिल्हा झाल्यापासून सुट्टी अशी उरलीच न्हाई, त्यात टँकरचं काम माझ्याकडंच हाय. आपल्या गल्लीत टँकर दुपारी येईल, घागरी दारात ठेवल्यात.

टेपजवळ नव्या निघालेल्या कॅसेटी हाईत. हैदराबादच्या पार्टीची कव्वाली आधी ऐक, ढोलक लई जोरदार वाजलाय. गझलेची जेवताना लाव, गाणारी बाई नवी हाय पण आवाज पिकलेला हाय. लावणीची मला तितकी आवडली न्हाई, तुला आवडेल.

भीमगीतांची मी कपाटात लपवली होती. घशाच्या ऑपरेशनात आवाज गेला अन् आबांची भीमगीतांची पार्टी बंद पडली, तवापासून गाणं लागलं की ते उठून बाहेर जातात, तुला ठाऊकच हाय. काल शेजारच्या कस्तुराबाई आल्या. मी आत चहा ठेवत होते, तेवढ्यात त्यांनी कपाटातली नेमकी तीच काढून लावली. मी धावत बाहेर आले. आबा उठले न्हाईत. डोळे मिटून खाटेवर बोटांनी ठेका धरला होता.

कॅसेट संपल्यावर त्यांनी पाटी मागितली अन् लिहिलं, "गाणारा चांगला हाय, पण कोरस मागं पडतो. आपल्या पार्टीतल्यांना बोलाव. मी बसवून देतो."

सगळे संध्याकाळी येणार हाईत. माळ्यावरची बाजाची पेटी खाली काढ अन् पुसून आबांच्या समोर ठेव.

पंचशीला